रिकॉलमध्ये फ्युएल पंप अडकलाय? आधी हे करा

रिकॉल म्हणजे दोष काढण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं. आधी आरसीवरचा 17 अंकी चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. मॉडेल आणि साल जुळलं म्हणजे तुमची गाडी यादीत असेलच असं नाही. होंडाने 2024 मध्ये भारतात 90 हजारांवर गाड्या पंपासाठी परत बोलावल्या, त्याही ठरावीकच.

दोष बहुधा पंपातल्या इम्पेलरचा असतो. प्लास्टिकची ही छोटी चकती पेट्रोल शोषून फुगते, कडेला घासते आणि पंप अडकतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं आवाज येतो. तो आला नाही, गाडी सुरू व्हायला स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागला किंवा घाटात गाडी झटके देऊ लागली, तर हायवेला नेऊ नका. चालता चालता बंद पडलीच तर हॅझर्ड लावा, गाडी न्यूट्रलला टाका आणि ब्रेक एकदाच दाबून धरा. पुन्हा पुन्हा दाबलात तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. चावी मात्र काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

सर्व्हिस सेंटरच्या “पार्ट आला की फोन करतो” यावर घरी येऊ नका! जॉबकार्डवर (त्यांच्या कामाच्या नोंदीवर) “चालत्या गाडीत इंजिन बंद पडते” हे शब्द लिहून घ्या, तारखेसह प्रत घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. तरी हालचाल नसेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. बाहेर पंप बदलावाच लागला तर बिल आणि जुना पंप दोन्ही जपून ठेवा.