भूगोल घेऊ दे, पण गणित सोडू देऊ नका

धायरीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी दहावीत आहे. पूर्वपरीक्षेत भूगोलात ४० पैकी ३७, बीजगणितात २१. तिला अकरावीला आर्ट्स घेऊन भूगोल शिकायचाय. बाबांनी सायन्सच्या इंटिग्रेटेड क्लासचं (अकरावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षेची तयारी एकत्र करून घेणाऱ्या) टोकन भरून ठेवलंय. काका म्हणतात, ‘भूगोल घेऊन काय करणार? फार तर शाळेत शिकवेल.’ आईंचा प्रश्न असा, की तिचं ऐकायचं का, आणि भूगोलात पुढे खरंच काही आहे का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय : ‘ती म्हणते, आर्ट्सला गेलं की गणिताची कटकट संपली.’ माझं सगळं उत्तर या वाक्याभोवती आहे. तिला भूगोल हवाय, की गणित नकोय? दोन्ही असू शकतं. पण दुसरंच कारण खरं असेल, तर तीन-चार वर्षांनी तेच गणित तिला भूगोलाच्याच वर्गात पुन्हा भेटणार आहे. पदवीच्या भूगोलात सांख्यिकी असते, सर्वेक्षण असतं, नकाशाची प्रक्षेपणं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या आकृत्या, काढावी लागतात. रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) तर आकड्यांवरच चालतं.

३७ गुणांचं कौतुक जरूर करा, पण त्यावरून शाखा ठरवू नका. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. स्थान, हवामान, लोकसंख्या, व्यवसाय असं एकेक प्रकरण. मन लावून पाठ केलं आणि नकाशा नीट भरला, तर चांगले गुण पडतात. पुस्तकाची सुरुवात क्षेत्रभेटीच्या पाठाने होते, आणि खरा भूगोल तिथेच आहे. पण परीक्षेच्या धांदलीत किती शाळा मुलांना बाहेर नेतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून बोर्डाची परीक्षा संपली की तिला दोन कामं द्या. क्लासची बॅच सुरू होण्याआधीच द्या.

पहिलं काम टोपोशीटचं, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते, गावं दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशाचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर मिळतात. तुमच्या भागाच्या शीटचा जुना क्रमांक ४७ एफ/१५. या नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तिने त्यावर धायरी शोधावी, खडकवासला शोधावं, मग समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून कात्रजच्या डोंगरावर पडलेलं पाणी कुठून कुठे उतरेल ते पेन्सिलीने काढावं. आंबिल ओढा तिथूनच निघतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला पूर आला, माणसं गेली, सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या. ती तेव्हा लहान असेल, पण घरात बोलणं झालं असेलच. रेषा काढून झाल्या की दोघी जणी ओढ्याच्या काठाने शक्य तितकं चाला. नकाशातला ओढा आणि आज दिसणारा ओढा यांत काय बदललं, पात्र कुठे आवळलं, कुठे भिंत आली, ते तिने लिहून काढावं. पानभर पुरे.

दुसरं काम आकड्यांचं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साधारण ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे उत्तर तिला पाठ असेलच. ते नको. लोणावळा, वडगाव मावळ, पुणे आणि दौंड यांचे पावसाचे आकडे तिने मिळवावेत आणि अंतर व पाऊस यांचा आलेख काढावा. पाऊस सारखाच कमी होत जातो, की एका टप्प्यात झपकन उतरतो?

या कामांत ती जेवायचं विसरली, तर भूगोल खरा. पहिल्या दिवशीच ‘हे परीक्षेला आहे का?’ असं विचारलं, तर थोडं थांबून विचार करा. आणि दुसऱ्या कामात तिने आलेखाशी स्वतःहून झटापट केली, तर बीजगणितातल्या २१ गुणांची मला फार काळजी वाटणार नाही. पुष्कळ मुलांना गणिताचं वावडं नसतं. ते कशासाठी करायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

आता काकांचा मुद्दा. शिकवणं कमी प्रतीचं काम आहे, असं मला वाटत नाही, भरतीचा भरवसा मात्र कमी आहे, तेवढं त्यांचं खरं. पण फक्त शिकवणंच आहे, हे खरं नाही. पुण्यातच बघा. विद्यापीठाच्या भूगोल विभागात भूगोलाबरोबर जिओइन्फर्मेटिक्सचंही पदव्युत्तर शिक्षण मिळतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध भारतीय कंपन्यांसाठी बरेच सैल केले. पाणी, शेती, पीकविमा, रस्ते, शहर नियोजन अशा सगळ्या ठिकाणी हे काम लागतं. मात्र एक सांगून ठेवते. जीआयएसमधली पहिली नोकरी बहुधा दिवसभर पडद्यावर रेषा गिरवण्याची असते आणि पगार बेताचा असतो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि सांख्यिकी येणारी मुलं त्यातून लवकर बाहेर पडतात, बाकीची तिथेच राहतात.

काही दारं भूगोलाची वाटतात, पण भूगोलाच्या पदवीने उघडत नाहीत. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस (हवामान खात्याचं कार्यालय) किंवा पाषाणची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था बघून मुलांना हवामानशास्त्रज्ञ व्हावंसं वाटतं. त्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणिताचा पाया लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेत भूवैज्ञानिक व्हायचं, तर भूशास्त्र शिकावं लागतं. भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक (जमीन मोजणारा) भरतीला स्थापत्यचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड मागतात. सीओईपी या पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात शहर नियोजनाची पदवी आहे, तिथे जायला बारावीचं गणित हवं. यातलं काही तिला खुणावत असेल, तर आत्ताच कळलेलं बरं.

यूपीएससीला भूगोल उपयोगी पडतो, हे खरं आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीची शाखा त्यावरून ठरवू नये.

म्हणजे करायचं काय? राज्य मंडळात भूगोल फक्त आर्ट्सचा विषय नाही. सायन्सलाही तो ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. अडचण एवढीच, की सायन्सला त्याचा वर्ग चालवणारी कॉलेजं मोजकी आहेत. दुसरा रस्ता मला तिच्यासाठी जास्त पटतो : आर्ट्स, आणि त्यात भूगोल, अर्थशास्त्र, गणित. हो, आर्ट्सला गणित घेता येतं. कला आणि विज्ञान शाखांना गणित व संख्याशास्त्राचं पुस्तक एकच असतं. म्हणजे तिचं गणित कुठे कमी दर्जाचं ठरणार नाही. गणित घ्यायला ती तयार असेल, तर तिला खुशाल आर्ट्सला जाऊ द्या. तयारच नसेल, तर आधी तिच्याशी त्याच एका विषयावर बोला, भूगोलावर नको.

टोकनचे पैसे परत मिळतात का, ते बाबांनी विचारून घ्यावं. नाही मिळाले तरी तेवढ्यासाठी दोन वर्षं इंटिग्रेटेडला पाठवणं मला पटत नाही. आणि हे बाबांना तुम्ही सांगण्याआधी तिने काढलेला तो आलेख त्यांना दाखवा.

कॉलेजांचे पसंतीक्रम भरण्याआधी दोन-तीन कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन या. भूगोलाच्या वीस गुणांच्या प्रात्यक्षिकाला मुलं स्वतः नकाशे काढतात की जर्नल एकमेकांचं उतरवतात, क्षेत्रभेट होते का, आर्ट्सच्या वेळापत्रकात गणिताचा तास खरंच लागतो का, एवढं विचारा. ऑफिसात विचारून उपयोग नाही, तिथे विषयांच्या छापील यादीवर बोट ठेवतात. भूगोलाच्या मॅडम किंवा सरांना गाठा, आणि मुलीला सोबत न्या. प्रश्न तिलाच विचारू द्या.