हसवणाऱ्याच्या फोटोसमोर हसावे का?

प्रश्न : आमच्या गावातील एक ज्येष्ठ सोंगाड्या, म्हणजे तमाशातील विनोदी नट, गेल्या पौषात वारले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी निरनिराळ्या तमाशा फडांत काढली आणि उतारवयात गावच्या यात्रेत हौशी मंडळींना घेऊन ते बतावणी (तमाशातील हजरजबाबी विनोदी संवाद) करीत राहिले. पडद्यामागून आधी एक दणदणीत शिंक द्यायची आणि मगच बोर्डावर पाऊल टाकायचे, ही त्यांची खूण होती. नुसत्या शिंकेवर निम्मे गाव हसत असे. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी आम्ही तरुण मंडळातर्फे बतावणी ठरवली आहे. काही वडीलधाऱ्यांना मात्र हार घातलेल्या फोटोसमोर हशा पिकवणे हा गेलेल्या माणसाचा अपमान वाटतो, आणि त्याऐवजी भजन व मान्यवरांची भाषणे ठेवावीत असा त्यांचा आग्रह आहे. नाटक-सिनेमाच्या जगात अशा वेळी काय करतात?
— एक वाचक, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, कारण ज्यांचा धंदाच हसवण्याचा आहे त्या लोकांनाही हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. विनोदी नट गेला की आपल्याकडे पहिल्या दिवशीचे मथळे ठरलेले असतात : विनोदाचे पर्व संपले, हास्याचा बादशहा काळाच्या पडद्याआड, आयुष्यभर हसवणारा जाताना रडवून गेला. यातले शेवटचे वाक्य मी स्वतः किमान तीनदा छापले आहे आणि तिन्ही वेळा नाव बदलून ते दुसऱ्या कोणालाही तितकेच चपखल बसले असते. अशा आदरांजलीत दुःख खरे असते, परंतु तो माणूस त्यात कोठेच सापडत नाही.

ऑक्टोबर 2025 मधील दोन मृत्यू या दृष्टीने आठवण्यासारखे आहेत. 20 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, गोवर्धन असरानी गेले. आपल्या जाण्याचा गाजावाजा होऊ नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणून जवळच्या मोजक्या माणसांच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले आणि बातमी लोकांपर्यंत त्यानंतर पोहोचली. पाचच दिवसांनी सतीश शाह गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या त्यांच्या गाजलेल्या मालिकेतील सहकलावंतांनी एकत्र उभे राहून त्या मालिकेचे शीर्षकगीत गायिले. ते पाहून काहींनी नाके मुरडली असतील, पण ज्यांनी वर्षानुवर्षे एकाच सेटवर एक कुटुंब म्हणून काम केले, त्यांना त्या क्षणी दुसरे कोणते स्तोत्र आठवणार होते? एका ठिकाणी संपूर्ण शांतता आणि दुसऱ्या ठिकाणी गाणे, हे दोन्ही मला योग्यच वाटते, कारण पहिला निर्णय स्वतः गेलेल्या माणसाचा होता आणि दुसरा त्याच्या अगदी जवळच्यांचा. म्हणून आपल्या मंडळाने सर्वांत आधी त्या कलावंताच्या पत्नीला आणि मुलांना विचारावे. त्यांनी नको म्हटले तर पुढचा वाद संपला.

त्यांची हरकत नसेल तर वेळेचा विचार करावा. इंग्लंडमधील विनोदी नट ग्रॅहम चॅपमन 4 ऑक्टोबर 1989 रोजी वारले. त्यांचे सहकारी घरगुती अंत्यविधीला मुद्दाम गेले नाहीत, कारण आपल्यामागे वार्ताहरांचा घोळका येईल आणि घरच्यांना त्रास होईल हे ते जाणून होते. दोन महिन्यांनी, 3 डिसेंबरला, लंडनमध्ये स्मृतिसभा झाली. तिथे जॉन क्लीज यांनी आपल्या दिवंगत मित्राची आधी रीतसर स्तुती केली आणि मग त्यालाच फुकट्या म्हणून चक्क शिव्या घातल्या. तुम्हाला धक्का देण्याची ही संधी मी वाया घालवली असती तर ग्रॅहमने मला कधीच माफ केले नसते, असे त्यांनी वर सांगितले. सभा आधी अवघडली, नंतर खळखळून हसली आणि शेवटी सर्वांनी मिळून गाणे म्हटले. हीच शिवी चितेसमोर दिली असती तर ती केवळ शिवीच राहिली असती. पहिला दिवस घरच्यांचा आणि वर्षाचा दिवस गावाचा, असे धरले तर आपली बतावणी अवेळी होत नाही.

आता अपमानाच्या शंकेविषयी. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तेथे 1843 साली 5 नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि तोच दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. त्या विष्णुदासी खेळांची रीत वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावी. सूत्रधाराने मंगलाचरण म्हटले की वनचराच्या वेषात विदूषक नाचत येई, सूत्रधाराशी त्याची थट्टामस्करी होई आणि त्यानंतर गजाननाची स्वारी रंगमंचावर येई. म्हणजे सांगलीच्या रंगभूमीवर साक्षात गणपतीच्या आधी विदूषकाचा मान होता. तमाशातील गवळणीत तरी काय होते? मावशी आणि पेंद्या श्रीकृष्णालाच धारेवर धरतात, तरी देवाचा अपमान झाला असे आजवर कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मात्र बतावणी ठेवली म्हणजे आदरांजली आपोआप साधते असे समजू नये. जगात जेथे जेथे ती साधली आहे तेथे ती त्या माणसाच्या स्वतःच्या सवयीतून निघालेली दिसते. तमिळ विनोदी नट विवेक यांनी एक कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता; 17 एप्रिल 2021 रोजी ते गेले तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी ठिकठिकाणी रोपे लावली. पोलिसांची मानवंदना त्यांना मिळाली आणि पुढे चेन्नईतील एका रस्त्याला त्यांचे नावही दिले गेले, तरी लोकांच्या लक्षात राहिली ती रोपे. (यावरून आपणही वृक्षारोपण ठेवू नये. आपल्या सोंगाड्याचा झाडांशी काही विशेष संबंध होता असे पत्रात दिसत नाही.) इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मोरकॅम्ब गावच्या नटाने गावाचेच नाव आडनाव म्हणून घेतले आणि एरिक मोरकॅम्ब या नावाने साऱ्या देशाला हसवले. 1999 मध्ये तेथे त्याचा पुतळा उभा राहिला तो हात जोडून उभ्या असलेल्या सद्गृहस्थाचा नाही. एक पाय उचलून नाचणारा एरिक तेथे आहे आणि त्याच्या गळ्यात दुर्बीण आहे, कारण पक्षी पाहण्याचा त्याला नाद होता.

गावाचे नाव लावण्याची चाल आपल्याला काही नवी नाही. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ काळू-बाळू कवलापूरकर म्हणून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले आणि ‘जहरी प्याला’तील त्यांच्या जोडगोळी हवालदारांनी कनातीतले हजारो प्रेक्षक हसवले. जुने लोक आजही त्या हवालदारांची आठवण सांगताना नकळत उभे राहतात आणि चालून दाखवतात.

ही नक्कलच माझ्या मते कलावंताची खरी पुण्यतिथी आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादा कोंडके घराघरांत नेले. दादा 14 मार्च 1998 रोजी गेले, पण ते वगनाट्य त्यांच्याबरोबर संपले नाही. विजय कदमांसारख्या नटाने दादांची भूमिका आपल्या अंगाने उभी केली आणि प्रेक्षकांनी एका नटाकडे पाहत असताना दुसऱ्यालाही आठवले. आज विजय कदमही नाहीत, आणि तरीही त्या भूमिकेचे बूट कोणाच्या तरी पायात येतीलच. तेव्हा आपल्या बतावणीत सोंगाड्याची जागा कोण घेणार, हे भाषणे कोण करणार यापेक्षा अधिक काळजीपूर्वक ठरवावे.

आणखी एक सुचवतो, आणि ते मला सर्वांत तातडीचे वाटते. लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत गेले. त्यानंतर जन्मलेली मुले आज मोबाईलवर त्यांचे संवाद एकमेकांना पाठवतात. ही आदरांजली कोणत्याही संस्थेने आयोजित केलेली नाही. चित्रफीत शिल्लक होती म्हणून ती घडली. फडातील सोंगाड्याच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. बतावणी कागदावर नसते, समोरचा प्रेक्षक पाहून ती तिथल्या तिथे वळते आणि माणसाबरोबर जाते. म्हणून त्यांचे ढोलकीवाले, त्यांच्याबरोबर सरदार म्हणून (बतावणीतील जोडीदार) उभे राहिलेले साथीदार, सुरत्ये (मागे सूर धरणारे), जे कोणी हयात असतील त्यांना कार्यक्रमाआधीच गाठावे, एकेक प्रसंग बोलता करावा आणि मोबाईलवर का होईना ध्वनिमुद्रित करून ठेवावा.

भजन सकाळी घरी ठेवावे, म्हणजे वडीलधाऱ्यांचाही मान राहील. संध्याकाळी भाषणे दोनच असावीत. आणि फोटो रंगमंचाच्या मधोमध मांडण्याऐवजी विंगेजवळ, शिंक जेथून यायची त्या बाजूला ठेवून पाहावा.

प्रश्न : परदेशातील मोठ्या पुरस्कार सोहळ्यांत वर्षभरात दिवंगत झालेल्या कलावंतांची चित्रफीत दाखवतात. तीत विनोदी कलावंतांची नावे अनेकदा गळतात, असे का? आपल्याकडेही विनोदवीरांना मरणोत्तर मान कमीच मिळतो काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गळतात हे खरे आहे. अमेरिकेतील विनोदी कलावंत जोन रिव्हर्स 4 सप्टेंबर 2014 रोजी वारल्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोठा कलावंत गेला की नाट्यगृहांच्या दर्शनी दिव्यांची झगमग एक मिनिट मालवतात. त्याआधीच्याच महिन्यात रॉबिन विल्यम्स यांना तो मान मिळाला होता. रिव्हर्सबाईंसाठी मात्र संघटनेने आधी नकार दिला, रंगभूमीवरील लोकांनी गिल्ला केला आणि मग काही दिवसांत दिवे मालवले गेले. पुढच्या फेब्रुवारीत ऑस्करच्या चित्रफितीत त्यांचे नाव नव्हतेच. 2022 च्या सोहळ्यात नॉर्म मॅकडोनल्ड आणि बॉब सॅगेट यांचीही नावे राहिली. त्याच रात्री बेटी व्हाइट यांची आठवण मात्र खास काढली गेली, आणि आयुष्यभर प्राण्यांसाठी झटलेल्या या बाईंची आठवण सांगताना जेमी ली कर्टिस यांच्या हातात कुत्र्याचे पिल्लू होते.

वेळ थोडा असतो, हे आयोजकांचे कारण अगदीच खोटे नाही. परंतु कोणाला वगळायचे याचा हिशेब करताना विनोदी नट ‘साहाय्यक’ या रकान्यात बसतो, आणि मंचावर एकट्याने उभे राहून हसवणारा तर कोणत्याच रकान्यात बसत नाही, असे मला वाटते.

आपल्याकडील चित्र मिश्र आहे. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, तरी अपघाती मृत्यूनंतर जसपाल भट्टी यांना 2013 मध्ये पद्मभूषण मिळाले. 3 मे 2013 रोजी भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने 50 तिकिटे काढली, त्यांत मेहमूद आहेत. राज्य चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट विनोदी कलाकाराचा पुरस्कार दामूअण्णा मालवणकर यांच्या नावाने दिला जातो. ते बक्षीस देण्यापूर्वी पडद्यावर दोन मिनिटे दामूअण्णाच दाखवले तर घेणाऱ्यालाही कळेल की आपण कोणाच्या नावाचा मान घेत आहोत.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर राजा गोसावी खटाव तालुक्यातील सिद्धेश्वर कुरोलीचे. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात ‘लाखाची गोष्ट’ लागला तेव्हा त्याचा नायक स्वतःच तिकीट खिडकीवर बसून तिकिटे विकत होता, अशी त्यांची हकीकत सांगतात. साताऱ्यात त्यांचे काही करायचे असेल तर एखाद्या चौकाला नाव देण्यापेक्षा चित्रपट लावावा आणि तिकीट खिडकीवर त्यांचा फोटो बसवावा.

प्रश्न : दिवंगत विनोदी नटाच्या स्मरणार्थ त्याचे गाजलेले वगनाट्य गावात विनातिकीट करायचे असल्यास परवानगी लागते काय?
— एक वाचक, विटा, जि. सांगली

उत्तर : लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तथापि हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता प्रयोग केल्यास कायद्याने सवलत आहे. ती असली तरी लेखकाच्या वारसांना पत्र पाठवून कळवावे. बहुधा आनंदाने होकार येतो. पारंपरिक गण-गवळणीला लेखकच नसल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र वेळेत मागवावे आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा वग साडेसातच्या आत सुरू करावा.