पतसंस्थेसाठी दोन सर्व्हरचं क्लस्टर पुरेल का?

प्रश्न : आमची पतसंस्था परभणीत आहे, सगळ्या शाखा हेड ऑफिसातल्या एकाच सर्व्हरवर चालतात. मागच्या उन्हाळ्यात तो बसला आन् दिवसभर काउंटर बंद राहिले. आता सप्लायर म्हणायलाय की दोन तगडे सर्व्हर घ्या, प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) क्लस्टर करून देतो, म्हणजे दोन्ही एकत्र जोडतो, एक पडला की दुसरा लगेच उचलतो. दोनात भागंल का?

उत्तर : नाही भागत, आणि हे सप्लायरनं आधीच सांगायला पाहिजे होतं. क्लस्टर बहुमतावर चालतं. दोनच सर्व्हर असले की एक पडल्यावर उरलेल्याकडं दोनातलं एकच मत राहतं, ते बहुमत नाही, मग तोही काही सुरू करत नाही. काहीजण सेटिंग बदलून बहुमताची अटच काढून टाकतात, तिथं तर खरा धोका, कारण दोघांमधली केबल नुसती सुटली तरी दोघांनाही वाटतं समोरचा मेला, मग दोघंही त्याच खात्यांवर वेगवेगळ्या एंट्र्या घ्यायला लागतात, आणि खातेदाराचा खरा बॅलन्स कोणता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून दोन तगड्यांपेक्षा तीन मध्यम घ्या. कोणताही एक बंद पडला तरी बाकी दोघांना सगळा लोड पेलला पाहिजे, म्हणजे रोजच्याला प्रत्येकाची रॅम दोन तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. स्टोरेजला सेफ (Ceph) हे सॉफ्टवेअर वापरा, डेटाच्या ३ कॉपी तीन सर्व्हरवर राहतात. त्याला १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क लागतं, आणि वीज गेल्यावरही लिहिलेलं सांभाळणाऱ्या एंटरप्राइज एसएसडी लागतात, दुकानातल्या साध्या नकोत. रेड (RAID) कार्डाला, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच दाखवणाऱ्या कार्डाला, पैसे घालू नका, सेफला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत.

बजेट नसंलच तर दोन सर्व्हर आणि तिसऱ्या मतापुरता एक छोटा पीसी, हेही चालतं. पण मग सप्लायरला विचारा डेटा दुसरीकडं कसा जातो. प्रॉक्समॉक्सचं झेडएफएस रेप्लिकेशन, म्हणजे ठरावीक वेळानं एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर कॉपी करणं, मुळात दर १५ मिनिटांनी होतं, कमीत कमी १ मिनिटावर आणता येतं, तरी मधल्या एंट्र्या जातातच, आणि पतसंस्थेत एक भरणा गायब झाला तरी खातेदार दारात उभा राहतो. त्यामुळं मला हा पर्याय तुमच्यासाठी पटत नाही.

आणि "लगेच" म्हणजे किती तेही मंडळाला स्पष्ट सांगा. सर्व्हर पडलाय याची खात्री करून दुसरीकडं सुरू व्हायला साधारण २ मिनिटं जातात, तेवढा वेळ काउंटरवर थांबावं लागणारच.

आपल्याकडं खरं मारतं ते वीज आणि ऊन. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, दोन्ही वेगवेगळ्या यूपीएसवर, सर्व्हर एकमेकांना जोडणारे नेटवर्क स्विच दोन, तेही तसेच, नाहीतर तीन सर्व्हर चालू आन् मधला एकच स्विच बंद, असं होतं. मे महिन्यात खोलीत एकच एसी असला आणि तो बसला की तिन्ही सर्व्हर सोबतच तापतात, तिथं क्लस्टर काय करणार? इंटरनेटच्याही दोन लाइनी घ्या, वेगळ्या रस्त्यानं आलेल्या, रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की शाखा तुटतातच.

बॅकअप वेगळा, दुसऱ्या शाखेत ठेवा. चुकून डिलीट झालेली एंट्री क्लस्टर तिन्ही ठिकाणी इमानदारीनं डिलीट करतो.

खरा डेटा टाकायच्या आधी एका रविवारी मंडळासमोर चालू सर्व्हरची वायर काढायला लावा, मग स्विचची, मग एका यूपीएसची, आणि सप्लायरचं शेवटचं बिल त्याच्यानंतरच द्या.