आजीने लपवले ते भल्यासाठीच ना?

प्रश्न : हॉली रिंगलंड या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द लॉस्ट फ्लॉवर्स ऑफ अ‍ॅलिस हार्ट’ ही कादंबरी वाचली. आजी जून नातीच्या भल्यासाठीच सारे लपवते, मग तिचा राग का यावा? आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एकेका फुलाची माहिती कशासाठी?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : जूनच्या हेतूविषयी मलाही शंका नाही, पण तिचे वागणे मी समर्थनीय मानत नाही. (ज्यांना ही कादंबरी वाचायची आहे, त्यांनी पुढील उत्तर नंतर वाचावे.) वडिलांच्या मारहाणीच्या धाकात वाढलेली नऊ वर्षांची अ‍ॅलिस आगीत आईवडील गमावते, तिची वाचा जाते आणि ती आजीच्या थॉर्नफील्ड या फूलशेतीवर येते. तेथे तिला माया, सुरक्षितता, आधार सारे मिळते. मात्र आगीच्या वेळी आईच्या पोटात असलेला भाऊ जगला आहे, हे आजी तिला वर्षानुवर्षे कळू देत नाही. आपला मुलगा, म्हणजे अ‍ॅलिसचे वडील क्लेम, असा का झाला, याविषयीही ती मोकळेपणाने बोलत नाही. परिणामी, पुढे वाळवंटातील राष्ट्रीय उद्यानात काम करताना प्रियकर डिलनचा संशय आणि संताप अ‍ॅलिसच्या वाट्याला येतो, तेव्हा ही वाट कोठे जाते हे तिला वेळीच उमगत नाही. ज्या घरात मारहाणीचा उच्चारच होत नाही, त्या घरातील मुलीला धोका ओळखायला शिकवणार कोण?

फुलांचे प्रयोजन यातच आहे. थॉर्नफील्डमध्ये ऑस्ट्रेलियातील प्रत्येक देशी फुलाला अर्थ दिलेला आहे, आणि जे तोंडाने सांगता येत नाही ते तेथील स्त्रिया फुलांतून सांगतात. मुक्या झालेल्या मुलीला हा मोठाच दिलासा असतो. परंतु जूनसारख्या व्यक्तीला हीच भाषा स्पष्ट बोलणे टाळण्याची सोय करून देते, आणि हा दुहेरीपणा मला कादंबरीचे खरे बळ वाटतो. डेझर्ट पी या फुलाचेच पाहा : लालभडक पाकळ्या, मधोमध काळाभोर फुगवटा, १९६१पासून दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपुष्प. कादंबरीत त्याचा अर्थ ‘धीर धर’ असा आहे. त्याच्या बियांचे कवच इतके टणक असते, की पेरण्यापूर्वी ते घासावे किंवा बी गरम पाण्यात भिजवावे लागते. पुन्हा वाचताना हे फूल कोण कोणाला आणि कोणत्या क्षणी देते, तेवढे जरूर पाहावे. जून जेथे गप्प राहते, त्या जागा आपोआप लक्षात येतील.