वाचक विचारतात : पऱ्हाटी, पेलेट आणि वर्षभराचा पुरवठा

प्रश्न : औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पेलेट (काडीकचरा दळून, दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) मिसळणं सरकारने बंधनकारक केलं आहे. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला पऱ्हाटीपासून (कापूस वेचल्यावर उरलेल्या कपाशीच्या झाडांपासून) तासाला १ टन पेलेट काढायचे आहेत. कच्चा माल किती लागेल? (जि. यवतमाळ)

उत्तर : ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने ही मिसळ सुरुवातीला ५ टक्के ठरवली, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. अडतं ते मालापाशी. रोज १६ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर ४,००० टन पेलेट होतात. पऱ्हाटीत २५ टक्के आणि पेलेटमध्ये १० टक्के ओलावा धरला, तर ४,८०० टन पऱ्हाटी हवी; नासाडी वेगळी. हेक्टरी २ टन हाती आली तरी २,४०० हेक्टर, म्हणजे सुमारे ६,००० एकर कपाशी लागते. एवढ्या शेतकऱ्यांशी लेखी करार झाल्याशिवाय यंत्राची आगाऊ रक्कम देऊ नका.

पऱ्हाटी निघते साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. अख्खी वाहिली तर ट्रॉली भरते, वजन भरत नाही. शेतातच श्रेडरने कुट्टी करा. धुऱ्यावर गंजी लावली की गुलाबी बोंडअळी तिथेच तग धरते आणि पुढच्या हंगामात साऱ्या शिवाराला भोवते. कुट्टी वाळवून छपराखाली ठेवा. ओला ढीग आतून तापतो आणि पेटतोही.

म्हणजे वर्षभराचा माल तीन महिन्यांत रोखीने घ्यावा लागतो. अशा कारखान्यांना अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्याला ८५८ कोटी रुपये होते, पण त्यातलं अनुदान कारखाना चालू होऊन तपासणी झाल्यावर मिळतं. ते खेळत्या भांडवलात धरू नका. आमच्या मते सरकारी नियोजनाने यंत्राइतकाच या खरेदीच्या पैशाचा आणि गोदामांचा विचार करायला हवा.

प्रश्न : पेलेट भुसभुशीत होतात, डायही (ज्या भोकांच्या साच्यातून पेलेट निघतात तो) लवकर झिजते. काय चुकतं?

उत्तर : आधी ओलावा तपासा. दळलेल्या कुट्टीचा २०० ग्रॅम भुसा १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. १६४ ग्रॅम उरला तर ओलावा १८ टक्के. अशा मालात वाफ होऊन पेलेट फुटतात. १० ते १२ टक्के चांगला. फार कोरडा भुसा बांधला जात नाही, डायमध्ये अडकून बसतो. गरम पेलेट लगेच पोत्यात भरले तर घाम सुटून मऊ पडतात. आधी थंड करा, चुरा चाळून काढा.

डाय खाते ती मुळांची माती. चिमट्याने उपटलेली पऱ्हाटी झटकून, दोन दिवस सुकवून मगच कुट्टी करा. मातीने राख वाढते, उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) उतरतो आणि वीज केंद्र पैसे उष्मांकावर देतं. कुट्टी दळणाऱ्या हॅमर मिलच्या तोंडाशी चुंबक हवंच. तारेचा एक तुकडाही डाय बिघडवतो.

प्रश्न : सगळा काडीकचरा विकला तर जमिनीचं काय?

उत्तर : सगळा विकू नकाच. देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार निघतो, त्यातला सुमारे २३ कोटी टन शिल्लक धरला जातो. तुमच्या शिवारात किती शिल्लक आहे ते या आकड्यातून कळत नाही. सोयाबीनचं कुटार जनावरांना लागतं, उसाचं पाचट रानातच कुजवावं. पऱ्हाटी विकाल तेव्हा तिच्यासोबत पालाशही (पोटॅश) जातं आणि राख वीज केंद्रातच राहते. माती परीक्षण करून तेवढं पालाश खतातून परत द्या आणि तो खर्च पऱ्हाटीच्या भावात धरा.