नववीतल्या मुलाला कोलारच्या सोन्याच्या खाणी बघायच्या आहेत. इंदूरहून बंगळूरला जाणारच आहोत, तर सोबत आई-बाबा असताना एक दिवस काढावा का?

जरूर काढा. फक्त मुलाला एक गोष्ट इंदुरातच सांगून ठेवा: खाणीत उतरता येत नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली आणि खालचे बोगदे पाण्यानं भरले. ‘केजीएफ’ चित्रपटात पाहिलेलं तिथं काही दिसणार नाही. दिसतं ते एक अख्खं गाव, जे सव्वाशे वर्षं जमिनीखालच्या कामावर जगलं. आम्ही मुलांना आणि सासूबाईंना घेऊन गेलो होतो. कोणीच कंटाळलं नाही, पण त्याचं श्रेय आधी सांगितलेल्या गोष्टींना जास्त आहे. काहीच माहीत नसेल तर तिथं गंजलेले लोखंडी मनोरे आणि पडक्या भिंतीच दिसतात.

म्हणून मुलाला एवढं तरी सांगा. १८०२ मध्ये जॉन वॉरन नावाच्या, इंग्रजांच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं या भागातले गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात हे लिहून ठेवलं. पुढे न्यूझीलंडच्या लढाईतून परतलेला मायकेल लॅव्हेल हा आयरिश सैनिक १८७१ मध्ये बंगळूरहून बैलगाडीनं इथं आला आणि त्यानं म्हैसूर सरकारकडून खोदकामाचा परवाना मिळवला. त्याच्या हाती फारसं लागलं नाही. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि तिथून खरी खाण सुरू झाली. आठशे टनांहून जास्त सोनं इथून निघालं. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. इंदूरच्या राजवाड्यापासून पलासियापर्यंत साधारण जेवढं अंतर, तेवढं सरळ उभं खाली! त्या खोलीवर खडकाचं तापमान साठ अंशांच्या पुढे असायचं. दाब इतका की खडक अचानक फुटायचा, माणसं गाडली जायची आणि वर गावातल्या घरांना हादरे बसायचे.

मुलाला विज्ञानाची आवड असेल तर आणखी एक गोष्ट. १९६५ मध्ये याच खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपले. इतक्या खाली का, तर वरचा खडक बाकीचे कण अडवतो आणि न्यूट्रिनो मात्र आरपार येतो. माझी मुलगी सोन्यापेक्षा याबद्दलच जास्त विचारत होती.

वीजही बघा ना. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून दीडशेएक किलोमीटर तारा ओढून खाणीला वीज आली. खुद्द बंगळूर शहराला ती १९०५ मध्ये मिळाली.

जायचं कसं? टॅक्सीनं दोन-अडीच तास लागतात. माझं मत विचाराल तर लोकलनं जा. बंगारपेटहून एक फाटा उरगाम, चॅम्पियन करत मारिकुप्पमला संपतो आणि बंगळूरहून थेट मारिकुप्पमपर्यंत गाड्या आहेत. खाण बंद पडल्यापासून इथली हजारो माणसं रोज कामाला बंगळूरला जातात. सकाळी समोरून येणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या दिसतात, तुम्हाला उलट्या दिशेला आरामात जागा मिळते. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर मात्र टॅक्सीच बरी, कारण गाव पसरलेलं आहे.

तिथं पोचल्यावर साहेबांचे बंगले, चर्च, क्लब बाहेरून बघून घ्या, त्यात अर्धा तास पुरे. जास्त वेळ कामगारांच्या ‘लाइनीं’साठी ठेवा. एकाला एक चिकटलेल्या, माणूस जेमतेम पाय पसरेल एवढ्या खोल्या. कामगार मुख्यतः तमिळ मुलखातले, त्यात दलित समाजाचे खूप. इथून रिपब्लिकन पक्षाचे आमदार निवडून आले आहेत. बाबासाहेबांचं जन्मस्थान महू आपल्या शेजारी, त्यामुळे घराघरांतली त्यांची तसबीर पाहून आम्हाला फार जवळचं वाटलं. चहाच्या टपरीवर निवृत्त खाणकामगार भेटतात. हिंदी कमी चालते, तमिळ जास्त, पण कोणीतरी दुभाषा लगेच पुढे येतो. आम्हाला भेटलेले आजोबा पिंजऱ्यातून खाली जातानाच्या काळोखाबद्दल बोलत होते आणि मुलं चक्क तासभर गप्प बसून ऐकत होती. अशा माणसांशी बोलायची संधी दरवर्षी कमी होत जाणार. फोटो मात्र विचारूनच काढा. लोक तिथं राहतात.

आता काळजीची गोष्ट. गावाभोवती राखाडी-पिवळट टेकड्या दिसतील. त्या नैसर्गिक नाहीत. खडक दळून, त्यातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढल्यावर उरलेली ही बारीक रेती आहे, तीन कोटी टनांहून जास्त. लोक तिथं व्हिडिओ काढायला चढतात. मुलांना चढू देऊ नका. वारा सुटला की ती धूळ उडते, डोळ्यांत आणि छातीत जाते. इथल्या लोकांना ती रोजच खावी लागते आणि त्यावर अजून धड उपाय झालेला नाही, याचा मला राग येतो. जुन्या शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विवरांच्या, तोंडांजवळही जाऊ नका.

आई-बाबांसाठी जवळच कम्मसंद्र इथं कोटिलिंगेश्वर आहे: एकशे आठ फुटी शिवलिंग आणि भोवती हजारो लहान-मोठी लिंगं. सासूबाई तिथून निघायलाच तयार नव्हत्या. टॅक्सी असेल तर खाणींपासून वेगळ्या असलेल्या कोलार गावातलं कोलारम्मा मंदिरही परतीत होतं. हे कोलार शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे बाबांना सांगा, त्यांना आवडेल.

जेवायला इडली, डोसा, भात कुठंही मिळतो. परतताना बंगारपेटला थांबून तिथली पाणीपुरी नक्की खा. तिचं पाणी अगदी पारदर्शक असतं, दिसायला साधं पाणीच, पण तिखट चांगलंच लागतं. आपल्या पाणीपताशांवर वाढलेली मुलंसुद्धा दुसरी प्लेट मागतात.

डिसेंबरात सकाळ थंड असते, आईसाठी शाल ठेवा. पहाटे निघालात तर दिवेलागणीला बंगळूरात परत याल.