नाकासमोरचा बांगडा दिसत नाही

प्रश्न : डॉक्टर, आमची मनी नऊ वर्षांची आहे. सुट्टीला आलेल्या नातवाने तिच्या डाव्या बाजूच्या मिशा कात्रीने कापल्या. परवा बांगड्याचा तुकडा अगदी तिच्या नाकापुढे टाकला, तर ती भलतीकडेच हुंगत राहिली. आणि हीच मनी मागच्या पडवीत विळीचा आवाज झाला की माडीवरून धावत येते! मिशांबरोबर तिची नजरही गेली का? फार मनाला लागलंय. – एक वाचक, देवरुख

उत्तर : आजी, नातवाला आता आणखी रागावू नका. मिशीच्या केसाला स्वतःला काही कळत नाही, कळतं ते मुळाला. मूळ कातडीत खोल असतं, भोवती रक्ताने भरलेली पिशवी आणि मज्जातंतूंचं जाळं. केस जरा हलला की ते मुळाशी पोचतं. म्हणून उपटलेली मिशी दुखते, कापलेली दुखत नाही. दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा येईल.

बांगड्याचं म्हणाल, तर तरुण, धडधाकट मांजरालाही नाकापासून वीत-सव्वा वीत अंतरातलं नीट दिसत नाही. त्याचा डोळा मोठा आणि अंधारासाठी घडलेला, पण जवळच्या वस्तूवर फोकस करायला कच्चा. तिथे मिशा कामाला येतात. भक्ष्यावर झडप घालताना त्या पुढे वळतात आणि तोंडापुढे काय आहे ते चाचपतात. मनी मांडीवर आली की तिच्या पुढच्या पायांना मागून, पंजाच्या थोडं वर, बोट लावून बघा. तिथेही काही राठ केस लागतील, त्याच जातीचे. डावी बाजू गेल्यामुळे सध्या ती थोडी चुकणारच.

माझ्याकडे सोळा वर्षांचा एक बोका आणला होता. रक्तदाब वाढून एका रात्रीत त्याची दृष्टी गेली होती. याला कायमचं झोपवावं का, असं मालकीणबाई रडत विचारत होत्या. मी त्याला जमिनीवर सोडलं. मिशा पंख्यासारख्या पसरून तो भिंतीकडेने निघाला, खुर्चीच्या पायाशी थांबला, वळसा घातला आणि दाराशी जाऊन बसला. पुढे दोन वर्षं तो त्या घरात जगला. आंधळ्या मांजराची कीव करण्याआधी त्याला चालताना बघावं, असं मला मनापासून वाटतं.

कानांची तर काळजीच नको. आपल्याला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60,000च्याही वरचा. उंदराच्या पिल्लांची जी चिरचिर आपल्याला ऐकूच येत नाही, ती मनीला ऐकू येते. विळीचं काय घेऊन बसलात!

मिशा येईपर्यंत खाणं पसरट ताटलीत, रोज एकाच जागी द्या. तुकडा किंचित कोमट करा, म्हणजे वास सुटतो, आणि ताटलीवर बोटाने टकटक करा. तिथली फरशी फिनेलने पुसत असाल तर ते आजच थांबवा. त्या उग्र दर्पात तिला बांगडा सापडणार नाहीच, शिवाय पंजे चाटताना फिनेल पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही.

तरी नजर तपासून घ्याच. ती शांत बसलेली असताना हातभर अंतरावर कापसाचा बोळा वरून सोडा. कापसाला आवाज नाही, वास नाही. तिची मान बोळ्याबरोबर खाली आली, तर तिला दिसतंय. एकदा नाही बघितलं तर घाबरू नका, थोड्या वेळाने पुन्हा करा. पण बोळा सारखा चुकत असेल, किंवा भर उजेडातही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच राहत असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेऊन रक्तदाब मोजून घ्या. वेळेत औषध सुरू झालं तर काही मांजरांची नजर परत येते. त्या बोक्याला आणायला चार दिवस उशीर झाला होता.